कष्टाची कामे आणि कामाचे आयुष्य

स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास आपल्या देशात जन्मणाऱ्या बालकाचे सरासरी आयुर्मान ३२ ते ३३ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात गेले आहे. साथीचे रोग आटोक्यात आले, बाळंतपणे अधिक सुरक्षित झाली, अन्नधान्याची टंचाई ओसरली, त्याचे हे फळ होय. तथापि ही वाढलेली वर्षे कोणाच्या वाट्यास कोणत्या स्वरूपात येतात, याचा विचार फारसा होत नाही. ज्याची उपजीविका पाठीवर, गुडघ्यांवर व मनगटांवर अवलंबून आहे, त्याचे जगण्याचे आयुष्य वाढले तरी कामाचे आयुष्य त्याच प्रमाणात वाढलेले नसते. या दोहोंमधील अंतर कशाने भरून निघते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बेळगावच्या पश्चिमेस वेंगुर्ला मार्गालगत उचगाव वसलेले आहे. (कोल्हापूरजवळचे, करवीर तालुक्यातील उचगाव निराळे.) मळेकरणी देवीमुळे हे गाव दूरवर परिचित आहे. भात, बटाटा व रताळी ही या पट्ट्यातील प्रमुख पिके. शेतीतून सवड मिळाली की येथील माणूस बेळगावची वाट धरतो. कोणी बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली घमेले उचलतो, कोणी उद्यमबागेतील ओतकामाच्या कारखान्यात जातो, कोणी बाजार समितीच्या आवारात हमाली करतो. शहापूर-वडगावकडील यंत्रमागांचा खडखडाटही याच परिसराचा. उत्तरेस निपाणीकडे गेले की तंबाखूच्या वखारी व विड्यांची सुपे लागतात आणि उसाच्या हंगामात डोक्यावर मोळी घेऊन फडातून गाडीपर्यंत ये-जा करणाऱ्या तोडणी कामगारांच्या रांगा दिसतात. अंगमेहनतीचे जवळजवळ सर्व प्रकार या लहानशा सीमाभागात एकत्र पाहावयास मिळतात.

पन्नाशीला आलेला हमाल आणि पन्नाशीला आलेला लिपिक यांची जन्मसाले एकच असतील. परंतु हमालाने चौदाव्या-पंधराव्या वर्षी पहिले पोते उचललेले असते, तर लिपिक बावीस-तेविसाव्या वर्षी नोकरीस लागलेला असतो. कामाची वर्षे मोजली तर हमाल त्याच्यापुढे आठ वर्षे गेलेला असतो. निवृत्तीचे वय ठरविताना मात्र शासन काय आणि विमा योजना काय, केवळ जन्मतारीख पाहतात.

शरीराचा हिशेब

शरीराच्या श्रमशक्तीचे मोजमाप प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेवरून केले जाते. ही क्षमता विशीत सर्वाधिक असते व तिशीनंतर दर दहा वर्षांस साधारणपणे दहा टक्क्यांनी उतरते. व्यायाम करणाऱ्याची थोडी सावकाश, आजारी माणसाची अधिक वेगाने. श्रमशास्त्राचा दुसरा एक नियम असा की, आठ तासांच्या पाळीत माणसाने या कमाल क्षमतेच्या सुमारे एक-तृतीयांशाहून अधिक शक्ती सातत्याने खर्च करू नये. केल्यास रात्रीच्या विश्रांतीने थकवा भरून येत नाही व तो दुसऱ्या दिवसावर चढतो.

हे दोन नियम एकत्र ठेवून पाहावे. पंचविसाव्या वर्षी एखाद्याची क्षमता १०० धरली आणि त्याचे काम त्यातील ३३ मागत असेल, तर तो मर्यादेत आहे. पंचावन्नाव्या वर्षी क्षमता ७४ च्या आसपास येते. काम मात्र तेच ३३ मागते, कारण पोत्याचे वजन हमालाच्या वयाकडे पाहून कमी होत नाही. आता त्याला आपल्या शक्तीचा जवळजवळ ४५ टक्के भाग दिवसभर खर्ची घालावा लागतो. लिपिकाचीही क्षमता एवढीच उतरलेली असते. परंतु त्याचे काम मुळातच तिचा अल्पसा अंश मागत असल्यामुळे त्याला ती उतरल्याचे जिना चढतानाच कळते.

कण्याचा प्रश्न याहून निराळा आहे. जमिनीवरील २५ किलोचे घमेले वाकून, हात पुढे करून उचलले, तर ते कण्याच्या खालच्या सांध्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर दूर असते. त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र त्या सांध्यापासून अवघे पाचेक सेंटिमीटर अंतरावर असतात. तरफेच्या साध्या नियमाने त्या स्नायूंना आठपट जोर लावावा लागतो, म्हणजे केवळ त्या घमेल्यापायी २०० किलोचा, आणि धडाचे वजन त्यावर निराळे. शाळेत तरफेचा पाठ शिकविताना कात्री व अडकित्ता यांच्या जोडीला शिक्षकांनी हे उदाहरण अवश्य घ्यावे; वर्गातील अनेक मुलांचे आईवडील रोज त्याच तरफेचे काम करीत असतात. ओझे अंगाशी धरले, किंवा घमेले गुडघ्याच्या उंचीच्या कट्ट्यावर ठेवून तेथून उचलले, तर हाच ताण निम्म्यावर येऊ शकतो. अमेरिकेतील श्रमसुरक्षा संस्थेने १९९१ मध्ये उचलण्याच्या वजनाचे सूत्र बसविले, त्यात सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही २३ किलो ही मर्यादा धरली आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो हे वरचे टोक सांगितले. आपल्याकडे धान्याचे पोते एके काळी सर्रास शंभर किलोचे असे. ते पन्नासवर आले, यात हमालांच्या संघटनांच्या आग्रहाचा वाटा आहे.

डोक्यावर ओझे वाहण्याची आपली रीत कण्याच्या दृष्टीने तितकी वाईट नाही, कारण भार सरळ रेषेत खाली येतो. पूर्व आफ्रिकेतील स्त्रियांच्या पाहणीत असे आढळले होते की, शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके ओझे त्या जवळजवळ कोणतीही जादा शक्ती खर्च न करता डोक्यावरून नेत. परंतु साठ किलोच्या माणसाच्या बाबतीत हा पाचवा हिस्सा बारा किलोचा होतो. पन्नास किलोच्या पोत्यास हा हिशेब लागू पडत नाही. तेथे मानेचे मणके झिजतात.

येथे एक शंका नेहमी घेतली जाते. मेहनतीने माणूस काटक होतो, मग कष्टकऱ्याने अधिक वर्षे धडधाकट राहावयास नको का? या प्रश्नाचा शोध घेणाऱ्या १७ पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १,९३,६९६ व्यक्तींची माहिती होती. कामावर जड शारीरिक श्रम करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचे प्रमाण हलके काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी अधिक आढळले. तालमीतला जोर आणि बाजारातली हमाली यांत फरक असा की, तालमीत माणूस तासभर घाम गाळतो, थांबतो, दूध पितो व झोपतो. हमालीत नाडीची गती व रक्तदाब दिवसभर चढलेले राहतात, थांबणे आपल्या हाती नसते आणि अंगावर ऊन, धूळ व उपाशीपोट यांचा भार असतो. अंग दुखत असतानाही काम करावे लागते, हा फरक तर सर्वांत मोठा. ओतकामातील वाळूची बारीक धूळ फुप्फुसात साचून होणारा सिलिकोसिस किंवा मागांच्या आवाजाने येणारा बहिरेपणा हे यात आणखी मिळवावे लागतात. आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा सांगितलेली आहे. मागाच्या खोलीत शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर ती ओलांडली गेली असे खुशाल समजावे.

निपाणीच्या सुपावरून

जड ओझे नसलेल्या कामातही शरीर झिजते, याचे उदाहरण पाहावयाचे असल्यास निपाणीस जावे. तेव्हाच्या चिकोडी तालुक्यातील या बाजारपेठेत वखारीत तंबाखू कुटणे, चाळणे व निवडणे आणि घरी वा कारखान्यात विड्या वळणे ही कामे पिढ्यान् पिढ्या स्त्रियांकडे राहिली. वखारीत तंबाखूची भुकटी श्वासावाटे आत जाते, कातडीतूनही विष भिनते. नव्याने कामास आलेल्या मुलीस घेरी व ओकारी ठरलेली असे. कामाचे तास अनिश्चित व मजुरी तुटपुंजी अशी स्थिती असताना १९८० च्या सुमारास सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने या स्त्रिया संघटित झाल्या व त्यांनी संप केला. अनिल अवचट यांनी त्यांच्यावर लिहिले, ‘युगांतर’ या समूहाने १९८२ मध्ये त्यांच्यावर अनुबोधपट काढला आणि छाया दातार यांचे त्यांच्या संघटनेवरील पुस्तक १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. निपाणी म्हटले की आजही पुष्कळांना १९८१ चे तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचे आंदोलन व ६ एप्रिलच्या गोळीबारात बळी पडलेले १२ शेतकरी आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु तीच तंबाखू पुढे ज्या हातांतून गेली, त्यांचा लढा तितकासा स्मरणात राहिला नाही.

विडी कामगार स्त्री मांडी घालून, मान खाली घालून, सूप मांडीवर घेऊन दिवसभर बसते. पान कापणे, भिजविणे, तंबाखू भरणे, वळणे, तोंड मुडपणे, दोरा बांधणे ही क्रिया दिवसाला आठशे ते हजार वेळा होते. मजुरी हजारावर मिळते व कमी प्रतीच्या विड्या छाट म्हणून बाजूस पडतात. पंचेचाळिशीच्या सुमारास मान व खांदे धरतात, बोटे आखडतात आणि जवळचे दिसणे मंदावते. त्या वयात तिला कोणी कामावरून काढून टाकत नाही. हजाराच्या ठिकाणी आठशे होतात, मग सहाशे, आणि छाट वाढते. पगारी नोकराची निवृत्ती एका दिवसात होते, तिची मात्र पंधरा वर्षे चालू असते आणि त्या पंधरा वर्षांत मजुरी प्रत्येक वर्षी थोडी खाली येते.

यांपैकी निदान एका गोष्टीस उपाय सोपा आहे. चाळिशीचा चष्मा ही स्वस्त वस्तू आहे. आसाममधील चहामळ्यांत चाळीस व त्यावरील वयाच्या ७५१ कामगारांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना जवळचे पाहण्याचा चष्मा विनामूल्य देण्यात आला, त्यांची पाने खुडण्याची क्षमता इतरांच्या तुलनेत २१.७ टक्क्यांनी वाढली. तुकड्यावर मजुरी घेणाऱ्या विडी कामगारास याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. ग्रामपंचायतीने एखाद्या नेत्रतपासणी शिबिरात मोतीबिंदूच्या रुग्णांबरोबर विडी वळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या व धान्य निवडणाऱ्या स्त्रियांचीही जवळची दृष्टी तपासून घेतली, तर अनेकींच्या कामाच्या आयुष्यात काही वर्षांची भर पडेल.

कायद्याच्या दृष्टीने विडी कामगार अन्य असंघटित कामगारांपेक्षा काहीसे सुदैवी ठरले. १९६६ च्या अधिनियमाने घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले. १९७७ पासून भविष्य निर्वाह निधीची योजना या उद्योगास लागू झाली आणि घरखेपी कामगारही त्यात मोडतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला. १९७६ च्या अधिनियमान्वये विड्यांवरील उपकरातून दवाखाने, घरे व मुलांच्या शिष्यवृत्त्या यांसाठी कल्याण निधी उभा राहिला. तो उपकर वस्तू व सेवा कर आल्यावर २०१७ मध्ये बंद झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अंमलात आल्या असून १९६६ चा अधिनियम त्यांत विलीन झाला आहे. ठराविक वयावरील कामगारांची वर्षातून एकदा विनामूल्य आरोग्य तपासणी करण्याची तरतूद या संहितांत आहे. कष्टाच्या कामाच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे, मात्र तपासणीत दोष आढळल्यावर हलके काम मिळणार की काम जाणार, याची भीती कामगाराच्या मनात राहील, हे तपासणी करणाऱ्यांनी ध्यानात घेतले पाहिजे.

भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेत निवृत्तिवेतनाचे वय ५८ आहे व किमान दहा वर्षांची सेवा लागते. पन्नाशीनंतर ते घटलेल्या दराने घेता येते. किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आले. ज्या स्त्रीने आठव्या-दहाव्या वर्षापासून आईच्या सुपाशी बसून दोरे बांधले, तिची निम्मी सेवा कोणत्याच नोंदवहीत नसते, आणि जी असते तीत मालक बदलल्यामुळे खंड पडलेला असतो.

कागदावरचे वय

आता शिक्षक व ग्रामपंचायत कर्मचारी यांच्याशी थेट संबंध असलेल्या बाबीकडे वळू. आपल्याकडील साठीच्या पुढील माणसांची जन्मतारीख पाहिल्यास १ जून ही तारीख आश्चर्य वाटावे इतक्या वेळा आढळते. शाळा जूनमध्ये सुरू होत. पालकांना मुलाची जन्मतारीख ठाऊक नसे. गुरुजी मुलाचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानास लागतो का पाहत आणि सहा वर्षे मागे मोजून १ जून लिहीत. ज्यांनी शाळाच पाहिली नाही, त्यांची तारीख आधार ओळखपत्र काढताना अंदाजे ठरली व तेथे १ जानेवारी पडली. सुशिक्षित नोकरदाराच्या बाबतीत ही गंमतीची गोष्ट ठरते. अंगमेहनतीच्या कामगारास ती फार महाग पडते. अंदाज तीन वर्षांनी कमी धरला गेला, तर थकलेल्या शरीराने आणखी तीन वर्षे काम ओढावे लागते. कारण वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाची साठ आणि कर्नाटकातील संध्या सुरक्षा योजनेची पासष्ट वर्षे त्या कागदावरूनच मोजली जातात. जुनी शालेय नोंदवही, जन्म-मृत्यूची नोंद, थोरल्या-धाकट्या भावंडांचे दाखले यांवरून दुरुस्ती करता येते. ती चाळिशीत करून घेणे शहाणपणाचे. साठीत कचेरीच्या पायऱ्या चढणे अवघड जाते.

चाळिशी या शब्दावर येथे थोडे थांबावयास हवे. असंघटित कामगारांसाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेत साठाव्या वर्षानंतर दरमहा ३,००० रुपयांची हमी आहे. अठराव्या वर्षी प्रवेश घेणाऱ्यास दरमहा ५५ रुपये व चाळिसाव्या वर्षी घेणाऱ्यास २०० रुपये भरावे लागतात, तितकीच रक्कम केंद्र शासन भरते. परंतु प्रवेशाचे वय १८ ते ४० एवढेच आहे. २०१५ च्या अटल पेन्शन योजनेतही तीच मर्यादा आहे. कष्टकरी माणसाला म्हातारपणाची आठवण पाठ धरल्यावर होते, आणि पाठ धरते ती चाळिशी ओलांडल्यावर. म्हणजे गरज जाणवते त्या क्षणी दार बंद झालेले असते. तरुण मुलांना ही गोष्ट वडीलधाऱ्यांनी सांगितली तर पटण्याचा संभव अधिक.

बांधकाम कामगारांना १९९६ च्या अधिनियमान्वये मंडळाकडे नोंदणी करता आली, त्यासाठी मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. सीमाभागात येथे एक वेगळी अडचण उद्भवते. उचगावचा गवंडी कर्नाटकात राहतो, पण चंदगडकडे काम मिळाल्यास राज्य बदलते. मंडळे राज्यांची, दाखला देणारा ठेकेदार दुसऱ्या राज्यातला, आणि नव्वद दिवस दोन्हींकडे विभागलेले. २०२१ पासूनची ई-श्रम नोंदणी देशभर एकच आहे व तेवढ्यापुरती ती उपयोगी पडते. राज्य मंडळाचे लाभ मात्र तिच्यामुळे आपोआप मिळत नाहीत. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला, त्यामागे अण्णासाहेब पाटील यांची चळवळ होती. त्यात मालकाने मजुरीसोबत ठरावीक आकार मंडळात भरावयाचा व मंडळाने हमालाची मजुरी, निर्वाह निधी व उपदान सांभाळावयाचे, अशी योजना आहे. हमालाचा एक मालक नसतो, ही अडचण तिने ओलांडली. राज्याच्या सीमेपलीकडील हमालास तो कायदा लागू नाही.

कामाचा कष्ट मोजून निवृत्तीचे वय ठरविणे अशक्य आहे, असे म्हटले जाते. ऑस्ट्रिया देशाने ते २००७ पासून करून पाहिले. आठ तासांत पुरुषाने २,००० किंवा स्त्रीने १,४०० उष्मांक खर्च करावे लागणारे काम ‘जड’ समजावयाचे. अखेरच्या वीस वर्षांत असे काम दहा वर्षे केले असेल आणि विम्याची एकूण ४५ वर्षे भरली असतील तर साठाव्या वर्षी निवृत्तिवेतन द्यावयाचे, असा तेथील नियम. फ्रान्सने २०१५ मध्ये कष्टाच्या गुणांचे खाते उघडले, परंतु ओझी उचलणे व अवघडून काम करणे हे निकष मोजावयास कठीण म्हणून २०१७ मध्ये वगळले. रात्रपाळी व गोंगाट यांची नोंद यंत्रे करतात, पाठीची कोण करणार, अशी ती अडचण होती. आपल्याकडे या दोन्ही देशांइतकी नोंदणी नसल्याने असा कायदा झालाच तरी कामाची वर्षे सिद्ध कशाने करावयाची, हा प्रश्न पहिल्या दिवशीच उभा राहील.

म्हणून सध्याच्या परिस्थितीत साध्या वहीचे महत्त्व मोठे आहे. कामाचा दिनांक, ठिकाण, ठेकेदाराचे नाव, मजुरी आणि शक्य तेथे त्याची सही, एवढ्या पाच रकान्यांची वही प्रत्येक मजुराने ठेवावी. लिहिता न येणाऱ्या मजुराच्या घरात आता बहुधा शाळेत जाणारे मूल असते. आठवड्यातून एकदा ती वही भरण्याचे काम शिक्षकांनी त्या मुलाकडे सोपवावे. बांधकामाच्या नव्वद दिवसांचा प्रश्न असो, अपघाताची नुकसानभरपाई असो की भविष्य निर्वाह निधीतील खंडाचा वाद असो, कचेरीत सर्वप्रथम विचारले जाते ते हेच पाच रकाने.